मुका परण्या

आधीच सांगून ठेवतो, ही गोष्ट तुम्हाला पटणार नाही. आजवर कुणालाच पटलेली नाही. माझ्या सख्ख्या भावानं निम्मी ऐकली आणि उठून अंघोळीला गेला, तेही संध्याकाळी. पण इचलकरंजीत, भर दुपारी, हमरस्त्यावरून, घोडीसकट, बेंजोसकट आणि नाचणाऱ्या पाहुण्यांसकट एक आख्खा परण्या मांजर गेल्यासारखा बिनआवाजाचा गेला, आणि तो तसा मी घालवला.

परण्या म्हणजे लग्नाआधी नवरदेव घोडीवर बसून मारुतीच्या पाया पडायला निघतो ती मिरवणूक. आमच्या भागात परण्या जरा कमी आवाजात निघाला तर मुलीकडचे लोक मुलाची पुन्हा चौकशी करतात. यावरून समजा मी काय केलं ते.

त्या दुपारी मी आणि इस्माईल मोमीन अभिनंदनच्या कॅफेत बसलो होतो. इस्माईलनं आयुष्यभर माग चालवले, मी आयुष्यभर जॉबर होतो, म्हणजे माग बिघडला की तो दुरुस्त करणारा. मागांच्या खडखडाटात हयात गेली की माणसाचे कान जातात आणि आवाज चढतो. आम्ही एकमेकांच्या कानात गुपित सांगितलं तरी ते पलीकडच्या गल्लीत समजायचं. अभिनंदननं वडिलांचे माग विकून त्याच शेडमध्ये कॅफे काढला होता. छत तेच, उंच पत्र्याचं. आमचा आवाज वर जायचा आणि दुप्पट होऊन खाली यायचा.

खाली लॅपटॉपवाले बसलेले असायचे. त्यांच्यात मोठी शिस्त. कुठं लिहिलेली नव्हती, पण मोडली की सगळ्यांच्या माना एकदम वर. ज्याचा चार्जर प्लगमध्ये, खुर्ची त्याची. दुसऱ्याच्या स्क्रीनकडे बघायचं नाही. एक कॉफी संपली की जरा वेळानं दुसरी मागवायची, नाहीतर निदान मागवण्याच्या बेतात असल्यासारखा चेहरा ठेवायचा. एकजण तर लॅपटॉप टेबलावर उघडा ठेवून घरी जेवायला गेला. मी जाऊन त्याच्या खुर्चीत बसलो. तो ढेकर देत परत आला आणि म्हणाला, "काका, ही जागा माझी आहे. मी लॅपटॉप ठेवला होता."

मी म्हटलं, "बाळ, मी त्याला विचारलं की इथं कुणी बसलंय का. तो काही बोलला नाही."

शेवटी अभिनंदननं भिंतीवर पाटी लावली, 'कृपया हळू आवाजात बोलावे.' ती वाचून मी आणि इस्माईलनं लॅपटॉपवाल्यांकडे बघितलं. लॅपटॉपवाल्यांनी आमच्याकडे बघितलं. पाटी बरीच वर्षं तिथं होती, पण ती कुणासाठी हे शेवटपर्यंत ठरलं नाही.

तर त्या दुपारी रस्त्याकडच्या काचेपाशी बसणारी एक मुलगी उठून आमच्या टेबलाशी आली. प्रणोती. गावभागातल्या गुंडू म्हेत्र्याची थोरली. एमएस्सी, बीएड, आणि एका शाळेत तासावर शिकवणारी. सगळ्या लॅपटॉपवाल्यांत रीतभात हिचीच. खुर्ची ओढायची नाही, उचलायची. कपसुद्धा बशीत असा ठेवायची की बशीला समजू नये.

"काका, एक विनंती होती," ती म्हणाली.

"आं?" इस्माईल म्हणाला.

"विनंती."

"कुणाची मयती?"

ती वाकली आणि आमच्या दोघांच्या मधोमध तोंड आणून म्हणाली, "माझा आत्ता डेमो आहे. बेंगळुरूची कंपनी आहे, लॅपटॉपवरून शाळेच्या मुलांना शिकवणारी. त्यांच्या दोन साहेबांना आठवीचा एक धडा शिकवून दाखवायचा. तेवढा वेळ तुम्ही जरा..."

"जरा काय?"

"हळू बोलाल का?"

मी म्हटलं, "पोरी, हळू बोलणं आम्हाला जमत नाही. एकतर आम्ही बोलतो, नाहीतर बोलत नाही. मधला गिअर नाही."

"घरातनं का न्हाई देत?" इस्माईलनं विचारलं.

"घराखाली माग आहेत, चाचा. मागच्या वेळी घरूनच दिला होता. धडा संपल्यावर त्यांनी विचारलं, तुमच्याकडे एवढा पाऊस पडतोय का."

"आणि आज नाही जमलं तर?" मी विचारलं.

तिनं टेबलावरची साखरेची पुडी उचलली आणि परत जागेवर ठेवली. "तर उद्या सकाळच्या एसटीनं जत. मामाचं कापडाचं दुकान आहे, तिथं गल्ल्यावर बसायचं. बाबांनी मामाला शब्द दिलाय. मला म्हणाले, शिकवायचं वेड पुरे झालं, हा डेमो शेवटचा. बॅग भरून ठेवलीय आईनं."

गुंडू म्हेत्र्याला मी ओळखत होतो. त्याचा शब्द म्हणजे गंजलेला नट, एकदा बसला की फिरत नाही.

"धडा कुठला?" इस्माईलनं विचारलं.

"ध्वनी."

"म्हंजे आवाज?"

"हो चाचा."

"आणि त्यासाठी आम्ही आवाज करायचा न्हाई."

"हो."

इस्माईलनं माझ्याकडे मान वळवली. मग म्हणाला, "शिक्षण लई पुढं गेलं, शामराव."

मी उजवा हात वर केला, अंगठा आणि करंगळी हलवली आणि छातीवर थाप मारली. पोरगी हसली. तिनंही तसंच करून दाखवलं. कारण ही भाषा तिला पाळण्यात असल्यापासून येत होती. मागांच्या आवाजात तोंडानं बोलून काही उपयोग नसतो, म्हणून शेडमधली माणसं हातांनी आणि ओठांनी बोलतात. चहा आलाय, मालक आलाय, मालक गेला, तुझ्या मागाचं तेल संपलंय, तुझ्या बायकोचं माहेरचं माणूस आलंय, सगळं हातानं. मी जे केलं त्याचा अर्थ होता, 'तू जा, शेड माझ्यावर सोड.'

आणि मी शेड ताब्यात घेतली.

पहिलं म्हणजे कॉफीचं मशीन. ते सुरू झालं की म्हैस शिंकल्यासारखा आवाज यायचा. अभिनंदन म्हणाला, "काका, गिऱ्हाईक बसलंय, मी देऊ काय?"

"लिंबू सरबत दे. लिंबू गप असतं."

मग पंखा. किरकिरत होता. तेलाची कुपी माझ्या खिशात कायम असते, सवय आहे. टेबलावर खुर्ची, खुर्चीवर मी, आणि पंखा चालू असतानाच त्याला तेल दिलं. कोपऱ्यात एक तरुण कानाला यंत्र लावून सारखा "दिसतंय का स्क्रीन? दिसतंय का?" म्हणून ओरडत होता. मी त्याच्यापुढं जाऊन उभा राहिलो आणि एक खूण केली. तिचा अर्थ मी इथं लिहीत नाही. पोरगं विणकराच्याच घरातलं निघालं, त्यानं लॅपटॉप मिटला आणि मला नमस्कार केला. पत्र्याखाली एक पाल राहायची, चुकचुकायची खोड होती तिला. तिच्याकडे मी नुसतं बघितलं. तिनं तोंड मिटलं ते आठवडाभर उघडलं नाही.

प्रणोती काचेकडे तोंड करून बसली. पुढं लॅपटॉप, त्यापलीकडे काच, काचेपलीकडे रस्ता. त्या साहेब लोकांचीही एक रीत होती. धडा चालू असताना ते मध्ये बोलणार नव्हते. त्यांनी बोट वर केलं की हिनं सुरू करायचं आणि संपेपर्यंत थांबायचं नाही. आणि बोलताना बघायचं ते स्क्रीनवरच्या माणसाकडे नाही, वरच्या कॅमेऱ्याच्या ठिपक्याकडे. माणसाकडे बघितलं की त्याला वाटतं आपल्याकडे बघत नाही. अशी ती उलटी दुनिया. इस्माईलला मी तिच्या शेजारच्या टेबलावर बसवलं, स्क्रीन दिसेल असा, आणि मी बाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिलो.

बोट वर झालं. पोरीचे ओठ हलायला लागले.

भंगारवाल्याचा टेम्पो आला, त्याचा कर्णा मी वरच्या वर बंद करायला लावला आणि त्याला खालच्या गल्लीनं काढलं. भाजीवाली आली. तिनं नुसता श्वास घेतला आणि मी हात जोडले. कोथिंबीर अशी मुकाट्यानं विकलेली तुम्ही बघितली नसेल. आणि मग वरच्या चौकातून धरणी हादरायला लागली.

परण्या आला. पुढं बेंजो पार्टी, ढोल, ताशे, एक तुतारी. मागं नाचणारी पोरं. त्यांच्यामागं घोडीवर नवरदेव, मुंडावळ्यांतून वाट शोधत. त्यामागं कलवऱ्या. काच थरथरायला लागली होती. आतून इस्माईल दोन्ही हातांनी विचारत होता, 'आता काय?'

मी रस्त्याच्या मधोमध गेलो. दोन्ही हात डोक्यावर घेतले, चिमटीत धागा धरल्यासारखे केले आणि फाटकन दोन बाजूंना ओढले.

शेडमध्ये ही एकच खूण अशी आहे की ती दिसल्यावर माणूस विचार करत नाही. धागा तुटला, माग थांबव. जॉबरनं लांबून हे केलं की हात आपोआप दांड्यावर जातो. डोक्याला नंतर समजतं. झोपेत असला तरी थांबवेल. आणि ती आख्खी बेंजो पार्टी रात्रपाळीला माग चालवणारी. ढोलावरची टिपरी खाली येता येता हवेत थांबली. ताशे थांबले. तुतारीवाल्यानं घेतलेला श्वास गिळला. नाचणाऱ्यांपैकी एकजण उडी मारून वर गेला होता, तो खाली आला तो सावकाश.

बेंजोचा म्होरक्या सिद्राम. तो पोरवयात मागासाठी सुताच्या कांड्या भरत होता तेव्हापासून मी त्याला ओळखतो. त्यानं हातानं विचारलं, 'काय तुटलं, मिस्त्री?'

'पोरीची परीक्षा आहे. आत.'

'कुणाची पोरगी?'

'म्हेत्र्याची.'

'कसला पेपर?'

मी कानामागं बोट फिरवलं. 'आवाजाचा.'

सिद्राम हसला, मग त्यानं नवरदेवाच्या चुलत्याकडे बघितलं. चुलता मात्र मागवाला नव्हता, सोन्याचांदीचं दुकान होतं त्याचं. तो पुढं आला आणि तोंड उघडणार, तेवढ्यात मी त्याच्या तोंडापुढं हात धरला.

"मुहूर्त आहे," तो हाताआडून म्हणाला.

"चला की मग," मी ओठांनी म्हटलं. "कोण अडवतंय? वाजवत चला, नाचत चला. फक्त आवाज तेवढा करू नका."

आणि ते निघाले. हेच तुम्हाला पटणार नाही. सिद्रामची बोटं पट्ट्यांवरून पळत होती, पण पट्टीच्या केसभर वरून. ढोलवाला पूर्ण जोरानं टिपरी हाणत होता आणि चामड्याला लागायच्या आधी मागं खेचत होता, घामानं भिजला होता. तुतारीवाल्याचे गाल टरटरून फुगलेले, तुतारीतून फक्त वास येत होता, त्यानं कांदाभजी खाल्ली होती. पोरं चपला काढून बगलेत मारून नाचत होती. कलवऱ्यांनी बांगड्या मुठीत धरल्या होत्या. एका म्हातारीला शिंक आली, ती तिनं सुनेच्या पदरात ठेवली. घोडीला तर कुणी काही सांगितलं नव्हतं. ती सगळ्यांकडे बघून समजली. पाय टाकायच्या आधी डांबर चाचपून बघत होती.

एवढ्यात काचेतून इस्माईलचा हात दिसला. स्क्रीनकडे बघत तो मला साहेबांच्या हालचाली जशाच्या तशा कळवत होता. त्यानं उजवा हात कानाला लावला आणि पंजा हलवला.

माझा जीव भांड्यात पडला. आता जॉबर माग कशावर लावतो? डोळ्यांवर नाही, कानावर. माग नीट बसला की त्याचा आवाज लागतो, एकसारखा, गाण्यासारखा. तेव्हा जॉबर लांबून कानाला हात लावतो आणि पंजा हलवतो. माग बोलायला लागला, हात लावू नको, चालू दे. शेडमध्ये यापेक्षा मोठी शाबासकी नाही. मला ती आयुष्यात मोजक्या वेळा मिळाली, आणि बेंगळुरूचा साहेब या पोरीला एका धड्यात देत होता.

त्याच वेळी प्रणोतीची नजर कॅमेऱ्यावरून निसटून काचेबाहेर माझ्याकडे आली. चेहरा गोंधळलेला. मी कानाला हात लावला आणि दोन्ही हातांनी सांगितलं, 'झकास. थांबू नको. चालू दे.'

पोरगी खुलली. अशी खुलली की मला काचेबाहेर तिचा प्रत्येक शब्द दिसत होता. आवाज आपोआप जात नाही, त्याला वाहून नेणारं काहीतरी लागतं, हवा नसेल तर समोर आभाळ कोसळलं तरी ऐकू यायचं नाही, असं काहीसं सांगत होती. मागून मुका परण्या चाललेला, आणि पुढं हिचा धडा. इस्माईलचा हात परत वर गेला. आता दुसऱ्या साहेबानंही कानाला हात लावला होता. मग पहिल्यानं पुन्हा. मग दोघांनी एकदम, दोन्ही हात, दोन्ही कानांना. एवढी शाबासकी मी कुठल्या शेडमध्ये बघितली नव्हती.

मी सिद्रामला खूण केली, 'पास झाली.' परण्या मारुतीच्या वळणावरून गेला आणि तिथं गेल्यावर मग त्यांनी असा काही बार उडवला की देवळातली घंटा आपोआप वाजली.

मी आत आलो तेव्हा धडा संपत होता. मोठे साहेब चष्मा काढून डोळे पुसत होते. म्हणाले, "मॅडम, सकाळपासून इतक्या जणांचे डेमो ऐकले, पण असा स्वच्छ आवाज कुणाचा आला नाही. मागं कुत्रं नाही, कुकर नाही, गाडी नाही. तुम्ही हिमालयात राहता काय?" आणि तिथल्या तिथं नोकरी दिली. गुंडू म्हेत्र्यानं मामाला फोन करून शब्द परत घेतला.

हे सगळं मी गेल्या रविवारी त्याच कॅफेत सांगत होतो. नवी पोरं आली आहेत लॅपटॉप घेऊन, त्यांना रीतभात कुणीतरी शिकवायला पाहिजे. चार-पाचजण लॅपटॉप अर्धे मिटून ऐकत होते. मी शेवटाला आलो, "आणि साहेब म्हणाले, असा स्वच्छ आवाज..."

"कुठला आवाज, काका?"

पाठीमागं प्रणोती उभी होती. बेंगळुरूहून सुट्टीला आली आहे, कडेवर पोरगं. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक, हिच्या येण्याचा आवाज तेव्हाही होत नसे.

"तुझाच की," मी म्हटलं.

"माझा आवाज त्यांना आलाच नाही. इथं कुणाला त्रास नको म्हणून मी लॅपटॉपचा माइक आणि आवाज दोन्ही कायम बंद ठेवायचे. त्या दिवशी गडबडीत दोन्ही तसेच राहिले. सगळा धडा मी मुक्यानं शिकवला. ते बिचारे कानाला हात लावून तेच सांगत होते, मॅडम, ऐकू येत नाही. मी बघत होते ठिपक्याकडे. मध्येच शंका आली म्हणून वर बघितलं, तर तुम्ही काचेपलीकडून, झकास, थांबू नको."

पोरं माझ्याकडे बघायला लागली. मी सरबताचा घोट घेतला.

"म्हणजे परण्याचंही खोटंच?" एकानं तिला विचारलं.

"घोडी मी बघितली," ती म्हणाली. "बाकीचं मला विचारू नका, मी शिकवत होते."

"मग नोकरी कशी लागली, ताई?"

"दुसऱ्या दिवशी. जतला निघाले होते, सांगलीच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. तिथं त्यांचा फोन आला, पुन्हा एकदा घेता का. बॅगेवर लॅपटॉप ठेवला आणि तिथंच सुरू केलं. वर भोंगा ओरडतोय, विट्याची लागली, तासगावची सुटली. शेंगदाणेवाला दोनदा मधे वाकून विचारून गेला. एका आजींनी माझ्या खांद्यावर पिशवी ठेवली." तिनं पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि माझ्याकडे बघून हसली. "आणि सांगू का काका, साहेब पहिलं वाक्य काय बोलले? म्हणाले, मॅडम, आज आवाज अगदी छान येतोय."